आरोपीचा मित्र

मला माझ्या नवऱ्याच्या मित्राचा हेवा वाटायचा. त्याच्या बायकोचा वाटला असता तर चारचौघींत बोलून मोकळी तरी झाले असते; बायकांनी बायकांचा हेवा केला की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण मला हेवा त्या माणसाचाच होता. त्याच्या पेन्शनचा होता, लष्करी कँटीनच्या कार्डाचा होता, पुण्याजवळ मांजरी गावात उसाचं रान मोडून उभ्या राहिलेल्या त्याच्या रो-हाउसचा होता. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती. माझा नवरा त्याच्यापाशी जसा निवांत बसायचा, तसा माझ्यापाशी कधी बसला नाही.

दोघे एकाच पलटणीतले. आमचे हे सासवडच्या पलीकडच्या एका खेड्यातले, आणि तो मित्र, म्हणजे आमचे भाऊजी, साताऱ्याकडचे. भरती एकाच दिवशी, ट्रेनिंग एकाच बराकीत. भाऊजी सुभेदार होऊन, हार घालून घेऊन निवृत्त झाले. आमचे हे नाईक असतानाच बडतर्फ होऊन, एक काळी ट्रंक घेऊन घरी आले. त्यांच्या दारावर पितळी पाटी आहे, नावाच्या आधी हुद्दा कोरलेली. आमच्या दारावर दूधवाल्याचा खडूचा हिशेब असे.

बडतर्फी कशी झाली ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. आमची पहिली मुलगी जन्मली आणि आठवडाभरात गेली. हे तेव्हा रजेवर आले होते. रजा संपली, हे गेले नाहीत. पलटणीतून तार आली, मग दुसरी आली, तरी गेले नाहीत. बऱ्याच उशिराने गेले, तेव्हा पकडून साहेबांसमोर उभं केलं. त्याआधीही एकदा उशिरा परतल्याचा शेरा होताच. त्या दिवसांतलं मला स्वतःला फारसं आठवत नाही. बाळंतपणाचा अशक्तपणा होता, तापही होता, असं सासूबाई सांगत. मी तेवढंच धरून चालले होते.

लष्करात अशा गुन्ह्याला पलटणीचा कमांडिंग ऑफिसरच न्यायाधीश होऊ शकतो. ज्याच्या हाताखाली चाकरी करायची, तोच ऐकणार आणि तोच शिक्षा देणार. वकील नाही. आरोपीला एक सवलत असते. आपल्या माहितीतला एक माणूस बाजूला बसवून घेता येतो. कागदावर त्याला ‘आरोपीचा मित्र’ म्हणतात. नाव किती गोड आहे! पण या मित्राने बोलायचं नसतं. साहेबांना काही सांगायचं नाही, साक्षीदाराला काही विचारायचं नाही. आरोपीच्या कानाशी वाकून कुजबुजायचं, आणि मग जे काय म्हणायचं ते आरोपीने आपल्या तोंडाने म्हणायचं. आमच्या ह्यांचा मित्र म्हणून बसले होते ते भाऊजी.

ट्रंक घेऊन हे दारात उभे राहिले तेव्हा मी पाण्याचा तांब्याही दिला नाही, आधी विचारलं, “मुलीचं सांगितलंत ना त्यांना?”

“गुन्हा कबूल केला,” हे म्हणाले.

“आणि ते बाजूला बसले होते, ते काय करत होते?”

“कानात सांगत हुता.”

“काय सांगत होते?”

यावर ह्यांनी बूट काढायला घेतले. त्या बुटांच्या नाड्या सुटेपर्यंत माझं उत्तर माझ्यापुरतं ठरून गेलं होतं. काय सांगणार? कबूल कर, लवकर आटपेल, साहेबही खूश होतील. दुसऱ्याची नोकरी जाताना माणूस आणखी काय सांगतो! त्या दिवसापासून भाऊजींचं नाव निघालं की माझ्या जिभेवर कडू चव यायची, आणि ती मी लपवतही नसे.

मग आम्ही पुण्यात आलो. कात्रजच्या चढाला दोन खोल्या घेतल्या, मुलगा झाला, मी कर्वेनगरात एका दुकानात संगणकावर मराठी टायपिंग शिकले. लग्नपत्रिका, वार्षिक अहवाल, कॉलेजातल्या मुलांचे प्रबंध. ज्यांचे प्रबंध मी टाइप केले त्यातल्या निम्म्यांना आपण काय लिहिलंय ते माझ्याइतकं माहीत नव्हतं. ती वर्षंच तशी होती. पुण्यात ज्याला त्याला काहीतरी मिळत होतं. कुणाची जमीन बिल्डरला गेली, कुणाची पोरगी सॉफ्टवेअरमध्ये लागली, कुणाच्या पार्किंगमध्ये गाडी आली. आमच्या वाट्याला दुसऱ्याच्या पेढ्यांचे रिकामे पुडे यायचे. ते मी सुया-दोरे ठेवायला वापरत असे.

भाऊजी निवृत्त झाले आणि हिंजवडीच्या एका आयटी पार्कात सिक्युरिटीचे मुख्य म्हणून लागले. पुन्हा गणवेश, पुन्हा सलाम. आणि त्यांनीच ह्यांना तिथल्या कंपन्यांच्या पोरापोरींना ने-आण करणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून चिकटवलं. म्हणजे ज्या माणसावर मी वर्षानुवर्षं दात खात होते, त्याच्याच कृपेने आमची चूल पेटत होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी ह्यांनी मला भाऊजींना चहाला बोलवायला लावलं. मी चहा केला. साखर कमी घातली.

दर रविवारी भाऊजी यायचे. हातात कँटीनची पिशवी, त्यात साबण, चहापत्ती, कधी ब्लँकेट. त्यांच्या बायकोने एकदा फार प्रेमाने विचारलं, “वहिनी, तुम्हाला कँटीनमधून काही हवं असेल तर सांगा हं, संकोच करू नका.” मी म्हटलं, “नको हो, आमच्या कोपऱ्यावरचा वाणी अजून जिवंत आहे.” ती बिचारी हसली. स्वभावाने चांगली बाई होती, त्याचाही मला राग यायचा.

पण खरी आग व्हायची ती गॅलरीकडे पाहून. दोघे तिथे दोन खुर्च्या टाकून बसायचे. समोर कात्रजचा डोंगर, खाली बसचे हॉर्न. तासभर बसायचे आणि चार वाक्यं बोलायचे. बाकीचा वेळ नुसते गप्प. असं गप्प बसायला माणसाला काहीतरी ठाऊक असावं लागतं, हे मला आत पोळ्या लाटताना कळत असे. माझ्याशी हे गप्प बसले की नुसतेच गप्प असायचे. मी विचारायची, “काय झालं?” हे म्हणायचे, “काय न्हाय.” भाऊजींना विचारावं लागत नसे.

अशात एक दिवस दुकानात वर्तमानपत्र चाळताना मी ती बातमी वाचली. लष्करातल्या न्यायव्यवस्थेत काय सुधारणा करायच्या हे सुचवायला सरकारने एक समिती नेमली होती. समिती पुण्यातही येणार होती, आणि ज्यांनी असे खटले स्वतः भोगले त्यांनी येऊन सांगावं असं आवाहन होतं. जुने निकाल बदलण्याचा अधिकार समितीला नाही, हेही खाली स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे पेन्शन नाही, हुद्दा नाही, काही नाही. मला पेन्शन नको होती असं म्हणणार नाही, कोणाला नको असते! पण त्याहून मला एक गोष्ट हवी होती. लष्करातल्या मोठ्या माणसांसमोर एकदा कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं की हा माणूस पळाला नव्हता, याची मुलगी गेली होती. आणि ते म्हणणारी मी असायला हवी होते. त्याच्या बाजूला बसून.

मी त्याच दिवशी निवेदन टाइप केलं. दुसऱ्यांचे एवढे प्रबंध केले होते, हा माझा एकटीचा. घरी नेऊन ह्यांच्यासमोर ठेवलं.

“कशाला आता?” हे म्हणाले, आणि कागद चष्म्याच्या डबीखाली सरकवून दिला.

मी समजावलं, भांडले, अबोला धरला. अबोल्याचा ह्यांच्यावर परिणाम होत नाही, उलट बरं वाटतं, हे लग्नाच्या इतक्या वर्षांनी मला माहीत असायला हवं होतं. मग रविवार आला. भाऊजी आले, गॅलरीत बसले. मी आत कांदा चिरत होते. भाऊजींनी बहुधा तो कागद वाचला असावा.

“जाऊ या की,” ते म्हणाले.

“बरं,” हे म्हणाले.

बस्स. माझी आठवडाभराची डोकेफोड, आणि भाऊजींचे तीन शब्द. मी सुरी पाटावर अशी आपटली की शेजारच्या बाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

समितीचं बोलावणं आलं. सोबत एका व्यक्तीला बसता येईल, असं त्यात म्हटलं होतं. मी माझी मोरपंखी साडी इस्त्रीला दिली. हे म्हणाले, “तू ये की. पण बाजूला तो बसंल.”

“का? निवेदन मी लिहिलं.”

“तवाबी त्योच हुता.”

“हो ना, होते. आणि काय दिवे लावले ते दिसतंच आहे.”

मी त्या दिवशी भाजीत मीठ घातलंच नाही. हे निमूटपणे जेवले, त्यामुळे माझं समाधानही झालं नाही.

सुनावणीच्या दिवशी भाऊजींच्या नव्या लाल गाडीतून आम्ही कॅम्पात गेलो. पुढे ते दोघे, मागे मी आणि माझी पर्स. स्वारगेटच्या सिग्नलला भाऊजींनी मागे न बघताच विचारलं, “वहिनी, काच खाली करू का?” मी म्हटलं, “नको, इथे ठीक आहे. मागे बसायची सवय आहे.” हे हसले. मला वाटतं मी टोमणा मारला हे ह्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

सरकारी अतिथिगृहाचा तो लांबट हॉल होता. टेबलापलीकडे तिघे. मधे एक निवृत्त न्यायाधीश, आपल्याकडचेच, मराठी बोलणारे. एका बाजूला निवृत्त जनरल, दुसऱ्या बाजूला एक वकीलबाई. मराठीतलं बोलणं न्यायाधीश त्या दोघांना हिंदीत सांगत. टेबलाअलीकडे दोनच खुर्च्या. एका कोपऱ्यात एक टंकलेखक लॅपटॉपवर सगळं टिपून घेत होता. मला पाण्याच्या कूलरजवळ भिंतीला लागून बसवलं. त्या माणसाची बोटं मी धंद्याच्या नजरेने पाहून घेतली. वेग बरा होता.

हे उभे राहिले, नाव सांगितलं, पलटणीतला जुना नंबर सांगितला आणि बसले. तो नंबर ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मग न्यायाधीशांनी सौम्यपणे विचारलं, “आपल्या निवेदनात लिहिलंय की मुलीच्या मृत्यूमुळे उशीर झाला. मग हे त्या वेळी का सांगितलं नाहीत? गुन्हा कबूल का केलात?”

मी खुर्चीच्या कडेला सरकले. आता, मी मनात म्हटलं, आता सांगा, ह्या बाजूला बसलेल्याने काय सल्ला दिला ते.

माझ्या मनातलं ऐकल्यासारखे न्यायाधीश भाऊजींकडे वळले. “आरोपीचे मित्र म्हणून आपण होतात ना? आपण काय सल्ला दिलात?”

आणि भाऊजी, दारावर पितळी पाटी असलेले, आयटी पार्कात शेकडो लोकांचे सलाम घेणारे भाऊजी, ह्यांच्या कानाशी वाकले आणि कुजबुजू लागले. ह्यांनी मान हलवली, नाही म्हणून. भाऊजी पुन्हा कुजबुजले. ह्यांनी पुन्हा मान हलवली.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. जनरलनी नजर खिडकीकडे वळवली. त्यांना बहुधा ते दृश्य ओळखीचं होतं.

“अहो सुभेदार,” न्यायाधीश म्हणाले, “प्रश्न मी आपल्याला विचारलाय. मोठ्याने बोला. इथे बोलायला बंदी नाही.”

भाऊजी ताडकन उठून सावधानमध्ये उभे राहिले. मागून त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

“साहेब,” ते म्हणाले, “तेव्हाबी मी हेच सांगत होतो. घरचं सांग, घरचं सांग. हा मान हलवत होता. आत्ता जसा हलवतोय तसाच.”

“घरचं म्हणजे मुलीचं?”

“मुलीचं नाही, साहेब. मुलगी गेली त्याचं दुःख होतंच, पण त्यासाठी हा थांबला नव्हता. वहिनींसाठी थांबला होता. त्यांना भान नव्हतं. अन्न घेत नव्हत्या, माणूस ओळखत नव्हत्या. उठून विहिरीवर जायच्या आणि काठावर पाय सोडून बसायच्या. दोनदा यानं ओढून आणलं. आई म्हातारी, घरात दुसरं कोण नाही. हा निघाला असता तर त्या गेल्या असत्या. खटल्याच्या आदल्या दिवशी यानं मला सांगितलं. रडत सांगितलं.”

कूलरमधून पाण्याचा बुडबुडा वर आला तो आवाजही मला ऐकू आला. विहीर होती, आमच्या मळ्यातली, एका बाजूने ढासळलेली. तिथे मी बसत होते? मला आठवेना. सासूबाईंनी त्या विहिरीकडे मला कधीच पाणी आणायला पाठवलं नाही, एवढं आठवलं. आम्ही पुण्याला आलो तेही ह्यांनी घाईने आणलं होतं, ते आठवलं.

“मग हे न्यायालयाला सांगायला काय हरकत होती?” वकीलबाईंनी हिंदीत विचारलं.

“मॅडम, साहेब दाखला मागणार. डॉक्टरचा, सरपंचाचा. पलटणीचं पत्र गावात जाणार, चावडीवर वाचणार. बाईचं डोकं फिरलंय म्हणून आख्ख्या गावाला कळणार. हा म्हणाला, नोकरी गेली तर दुसरी बघेन, तिला हा डाग लागला तर कुठे पुसू? मला शपथ घातली, कुठं बोलायचं नाही म्हणून. मी माझ्या बायकोलाबी नाही सांगितलं.”

जनरल पहिल्यांदाच बोलले. “आणि त्या दिवशी तुम्हाला उभं राहून बोलायची मुभा असती तर?”

“तर मी शपथ मोडली असती, साहेब,” भाऊजी म्हणाले.

इतकी वर्षं मी ज्या हेव्यावर जगले तो माझ्या हातातून असा ओढून घेतला गेला. पण गेला म्हणून निश्चिंत वाटावं, तर तसंही नाही. दुसराच आला, पहिल्यापेक्षा मोठा. हे रडले होते. त्याच्यासमोर रडले होते. माझ्यासमोर एवढ्या वर्षांत एकदाही नाही. आणि माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट दिवस, जे मला स्वतःला ठाऊक नव्हते, ते हा माणूस सांभाळून होता. दर रविवारी कँटीनची पिशवी घेऊन येत होता, माझा कमी साखरेचा चहा पीत होता, आणि मी जिवंत आहे हे बघून जात होता. मला त्याचा इतका मत्सर आधी कधीच वाटला नव्हता.

“बाई इथे आहेत का?” न्यायाधीशांनी विचारलं.

भाऊजी बाजूला झाले आणि त्यांनी आपली खुर्ची माझ्यासाठी मागे ओढली. मी जाऊन बसले. ह्यांच्या बाजूला. ती खुर्ची मला किती दिवस हवी होती, आणि आता तिच्यावर बसून काय बोलायचं होतं तेच गेलं होतं. मी म्हणणार होते ते भाऊजींनी खोडून टाकलं होतं, आणि मला माहीत नव्हतं ते सांगून टाकलं होतं.

“आपल्याला काही सांगायचंय?” न्यायाधीश म्हणाले.

मी ह्यांच्या कानाशी वाकले. साबणाचा वास आला, कँटीनच्याच. मी हळूच म्हटलं, “हे मला का नाही सांगितलंत?”

हे उठून ताठ उभे राहिले, समोर पाहिलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “साहेब, ही विचारती, हे मला का नाही सांगितलंत.”

कुजबुजलेलं मोठ्याने म्हणायचं, हेच तर ह्यांना शिकवलं होतं. पण पुढे काय म्हणायचं ते ह्यांना सुचेना. टंकलेखकाची बोटं थांबली. मागे उभे असलेले भाऊजी सवयीने ह्यांच्या दुसऱ्या कानाकडे वाकले.

मी हात आडवा घातला. “भाऊजी, तुम्ही गप्प बसा,” मी म्हटलं. ज्या माणसाला गप्प बसल्याबद्दल इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्यालाच. “ह्यांना बोलू दे.”

भाऊजी मुकाट्याने सरळ झाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. न्यायाधीशांकडे बघतच म्हणाले, “ती बरी झाली, साहेब. मग कशाला सांगायचं?”

टंकलेखकाने तेही लिहून घेतलं.